हिरव्या गाडीचे नव्वद पौंड

“हा रिपोर्ट ज्यानं कोनी लिहिला, त्याले एकदा भेटाचं हाय मले,” मडावी मॅडम म्हणाल्या आणि प्लास्टिकच्या फोल्डरमधून एक झेरॉक्स काढून माझ्यासमोर बोनेटवर ठेवली. “इंजिन झिजलं हाय म्हनते. लवकरच पूर्ण खोलावं लागन म्हनते. चार वर्षं झाले, दर बाजाराला जाते ही गाडी, भाजी घेऊन येते. एक दिवस रस्त्यात बसली नाई. अन् सही पाहा. कोंबडीनं पाय घासल्यासारखी. नाव वाचूनच होत नाई.”

मी झेरॉक्स हातात घेतली. वाचायची गरज नव्हती.

“सही माझी आहे,” मी म्हणालो.

मॅडम मारेगावच्या. शाळेत मुख्याध्यापक होत्या, आता रिटायर. त्यांच्या गाडीच्या विम्याची मुदत उलटून गेली होती. मुदत उलटली की नवा विमा देण्याआधी कंपनी गाडी बघायला माणूस पाठवते. यवतमाळहून गेलेला तो माणूस मी. गाडीचा नंबर वाचला तेव्हाच गाडी ओळखली होती. तरी गेलो. दुसऱ्या कोणाला पाठवता आलं असतं, पण चार वर्षं मी हेच करत आलो होतो, म्हणजे हा विषय निघेल तिथून उठून जाणं.

मॅडमनी चष्मा नाकावर खाली घेऊन माझ्याकडे पाहिलं. वर्गात उशिरा आलेल्या पोराकडे पाहतात तसं.

“मंग? खरं काय? इंजिन झिजलं हाय का नाई?”

“नाही.”

“तवा होतं?”

“तेव्हाही नव्हतं.”

“मंग लिहिलं काहून?”

ते का लिहिलं, हे त्या दिवशी मी पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. इथे ते पुन्हा सांगतो आहे.

माझं काम गाड्या तपासायचं. अपघात झाला तर नुकसान किती, जुनी गाडी विकायची तर तिची लायकी काय, हे बघून कागदावर लिहायचं आणि सही करायची. चार वर्षांपूर्वी यवतमाळच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, मालकांनी मला बोलावलं. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. त्यांच्या शेडमध्ये दोन जुन्या स्पोर्ट्स कार होत्या, एक लाल, एक हिरवी. दोन्ही विलायती, दोन्ही साठच्या दशकातल्या, दोन्हींना दोनच सीट आणि कापडी छप्पर. भाऊसाहेबांच्या वडिलांचा शौक. वडील गेल्यावर बरीच वर्षं त्या ताडपत्रीखाली होत्या. मग भाऊसाहेबांनाही हौस आली. लाल गाडी त्यांनी पुण्याच्या एका मोठ्या वर्कशॉपला दिली. हिरवी दिली हबीब चाचांना.

हबीब चाचा म्हणजे यवतमाळातले जुने मिस्त्री. आणि माझे उस्ताद. दहावीनंतर डिप्लोमाला जाईपर्यंत मी त्यांच्या गॅरेजमध्ये होतो. डब्यात जेवण घेऊन जायचो, त्यातली भाकर ते खायचे आणि त्यांच्या घरचा खिमा मी. फीलर गेज म्हणजे स्टीलच्या कागदाइतक्या पातळ पट्ट्यांचा जुडगा. दोन भागांमधली फट त्याने मोजतात. चाचांनी ती पट्टी माझ्या बोटात दिली आणि डोळे मिटायला लावले. “फसून बी नाई आन् हालून बी नाई राह्यली पायजे,” ते म्हणायचे. “ते बोटाले समजते. डोये कायले पायजे?”

हिरव्या गाडीवर त्यांनी दोन वर्षं घातली. पार्ट मिळत नव्हते. काही लेथवर स्वतः बनवले. पिस्टनच्या रिंगा एकेक करून सिलिंडरमध्ये घालून फट मोजली, घासली, पुन्हा मोजली. मी जाता-येता बघत होतो.

भाऊसाहेबांना दोन्हीपैकी एकच गाडी ठेवायची होती. शेडमध्ये नवी मशिनरी यायची होती. जी ठेवायची ती नागपूरच्या जुन्या गाड्यांच्या रॅलीत न्यायची, दुसरी विकायची. रॅलीत गाडीसमोर एक कार्ड लावतात. गाडी कोणत्या सालची, मालक कोण, आणि काम कोणी केलं. चाचांनी कार्डाचं कधी तोंडाने काढलं नाही. पण चाचींनी मला हळूच सांगितलं होतं, नागपूरसाठी नवा कुर्ता शिवायला टाकला आहे.

“गौतमराव, मला मायेचं नको, कागदावर पाहिजे,” भाऊसाहेब म्हणाले. “चाचा तुमचे उस्ताद. उद्या लोक म्हणतील चेल्यानं पास केलं. तेव्हा आकडे द्या.”

हे वाक्य मला फार लागलं. मी ठरवलं, इतकं निष्पक्ष राहायचं की कोणाला बोट ठेवता येऊ नये.

आता आकडे सांगतो, सोपे आहेत. लाल गाडीचं इंजिन अठराशे सीसीचं, पंच्याण्णव घोड्यांच्या ताकदीचं. गाडीचं वजन साडेनऊशे किलो. हिरवीचं इंजिन तेराशे सीसी, घोडे पंच्याहत्तर. पण वजन सातशे चाळीसच. गाडी किती पळेल हे नुसत्या घोड्यांवर ठरत नाही, एका घोड्याच्या वाट्याला किती ओझं आलं त्यावर ठरतं. भागाकार करून बघा. दोन्हींत एका घोड्यामागे साधारण दहा किलो. म्हणजे कागदावर दोघी बरोबरीच्या. ब्रेकही सारखे, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. कार्बोरेटर दोघींना दोन-दोन. लाल गाडीला ओव्हरड्राइव्ह होता, म्हणजे चौथ्या गिअरच्या वर लांबच्या रस्त्यासाठी अजून एक सोय. हिरवीला तो नव्हता. पण हिरवी वळणावर अशी वळायची की वाटायचं, गाडी नाही, आपणच वळलो.

मी दोन्ही गाड्या सकाळी कळंबच्या पुढे राळेगावकडच्या सरळ पट्ट्यावर नेल्या. त्यांचे मीटर मैलांचे. थांबलेल्या गाडीने साठ मैल गाठायला किती सेकंद लागतात ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर घेतलं. दोन्हीकडून चार-चार वेळा. लाल गाडीला तेरा सेकंद, हिरवीला साडेतेरा. पुढे एक चढ आहे. तिथे तिसऱ्या गिअरमध्ये हिरवी सहज वर गेली, लाल धापा टाकत. कापसाच्या शेतातल्या बाया वेचणी थांबवून बघत होत्या. एकीने ओरडून विचारलं, “भाऊ, याले छप्पर बसवाचं राह्यलं का?”

इथवर दोघी बरोबर होत्या. निकाल लागणार होता इंजिनाच्या प्रकृतीवर, आणि त्यासाठी होती कॉम्प्रेशन टेस्ट.

ही टेस्ट म्हणजे इंजिनाची छाती तपासणं. स्पार्क प्लग काढायचे, त्यांच्या भोकात एकेक करून गेज बसवायचं आणि चावी फिरवून इंजिन नुसतं घुमवायचं. सिलिंडर आतली हवा किती जोराने दाबतो ते गेजवर पौंडात दिसतं. टायरच्या हवेसारखंच. दीडशेच्या वर आलं तर छाती धडधाकट. शंभरच्या खाली आलं तर रिंगा नाहीतर व्हॉल्व्ह गेले. मात्र एक अट आहे. चावी फिरवताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा. तो दाबल्याशिवाय हवा आत जायचा रस्ता उघडत नाही. नाक चिमटीत धरून कोणाला दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं तर जे होईल तेच होतं. हे मला चाचांनी पहिल्या वर्षी शिकवलं होतं.

लाल गाडीबरोबर पुण्याहून त्यांचा मेकॅनिक आला होता. तो सीटवर बसला. त्याला सांगायची गरजच नव्हती, पाय सवयीने दाबला. एकशे साठच्या आसपास आले चारही.

हिरवीच्या वेळी चाचा पुढे झाले.

“चाचा, तुम्ही बाहेर थांबा,” मी म्हणालो. “मला निष्पक्ष करायचं आहे.”

ते एकदा माझ्याकडे बघून हसले. “बराबर हाय,” म्हणाले आणि गेटपाशी कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिले. पुण्याचा माणूस तोवर चहाला गेला होता.

“मी फिरवतो चावी,” भाऊसाहेब म्हणाले. “आपलीच गाडी आहे.”

पांढरा पायजमा, पांढरा सदरा. गाडी इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे जवळजवळ आडवं व्हावं लागतं. ते दार उघडं ठेवून सीटवर तिरपे टेकले. मी बोनेटमध्ये वाकलो, गेज दाबून धरलं आणि म्हणालो, “फिरवा.”

एवढंच म्हणालो. पाय आत घ्या आणि पूर्ण दाबा, हे म्हणालो नाही. विसरलो असं मी चार वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे जीभ उचलली नाही. जिनिंगचे पाच ट्रक, दोन जीप, सगळ्यांचं तपासणीचं काम मला मिळायची गोष्ट चालली होती. अशा माणसाला पाय कुठे ठेवा हे सांगायचं? मनाशी म्हटलं, दाबलाच असेल.

नव्वद. दुसरा नव्वद. तिसरा अठ्ठ्याऐंशी. चौथा पुन्हा नव्वद.

तिथेच मला कळायला हवं होतं. इंजिन झिजतं तेव्हा चारही सिलिंडर असे ठरवून सारखे झिजत नाहीत. एक शंभर, एक सत्तर, असं काहीतरी येतं. आणि नव्वदची छाती घेऊन कोणतीही गाडी साडेतेरा सेकंदात साठ मैल गाठत नाही. माझ्या स्वतःच्या दोन नोंदी एकमेकींशी भांडत होत्या. मी दुसरी नोंद खरी धरली, कारण ती कडक होती. रिपोर्टसाठी गेजचा फोटो काढला आणि गेटपाशी गेलो.

“कित्ती आलं?” चाचांनी विचारलं.

“नव्वद.”

“चारी?”

“चारी.”

त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. तळवे वर करून. मग म्हणाले, “गेज धरनारा तू हायस. मंग बरोबरच असन.”

रिपोर्ट गेला. लाल गाडी राहिली, नागपूरला गेली. हिरवी स्वस्तात विकली गेली, माझ्या कागदासकट.

टेस्टनंतर तिसऱ्याच दिवशी दुपारी मी फाइलला लावायला फोटो मोबाइलवर मोठा करून पाहत होतो. पुढे गेज आणि नव्वदवर सुई. मागे, जरा अंधुक, उघडं दार. आणि दारातून बाहेर, शेडच्या मातीवर, शेजारी शेजारी ठेवलेले दोन पाय. पांढरा पायजमा, कोल्हापुरी चपला.

मी फोटो फाइलला लावला नाही. पुसलाही नाही. दर नव्या मोबाइलमध्ये तो माझ्याबरोबर आला.

जिनिंगचं काम मला मिळालं. चाचांनी इंजिन उघडायचं सोडलं. आधी म्हणाले, कंबर दुखते. मग गॅरेज बंद केलं आणि पोराच्या टायरच्या दुकानात बसायला लागले. हवा भरायचे. मी त्या रस्त्याने जाणं बंद केलं.

हे सगळं मारेगावात मडावी मॅडमना सांगितलं, त्यांच्या अंगणात उभं राहून. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, “मले कायले सांगून राह्यले? मी तर फायद्यातच आहो. ज्याले सांगाचं त्याले सांगा. अन् इथं घेऊन या त्यायले. गाडी कुठं जात नाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी टायरच्या दुकानात गेलो. चाचा स्टुलावर बसले होते. दाढी पूर्ण पांढरी झाली होती.

“कोन? गौतम? रस्ता चुकला का बे?”

“चाचा, एक दाखवायचं आहे.”

त्यांनी मोबाइल घेतला आणि हात लांब करून धरला. “गेज हाय. नव्वद. दिसलं. आता जखमेवर मीठ चोयाले आला का?”

“मागं पाहा.”

त्यांनी पाहिलं. फोटो बोटांनी मोठा करायला त्यांना येत नव्हतं, मी करून दिला.

“हे पाय कोनाचे?”

“भाऊसाहेबांचे.”

“दोनी बाहेर हायत.”

“हो.”

“मंग अ‍ॅक्सिलरेटर कोनी दाबलता?”

“कोणीच नाही.”

एक ऑटो येऊन थांबला होता. ऑटोवाला म्हणाला, “चाचा, हवा भरा ना, सवारी बसली हाय.” चाचा उठले. तिन्ही चाकांत हवा भरली, प्रत्येकाची गेजवर दोनदा तपासली. ऑटो गेला. ते पुन्हा स्टुलावर बसले.

“कवापासून मालूम हाय तुले?”

“तिसऱ्या दिवसापासून.”

“तिसऱ्या दिवसापासून,” ते म्हणाले. मग बराच वेळ नळीचं टोक बोटात फिरवत राहिले. “म्या तुह्या चाचीले सांगतलं, हात गेला माह्या. रिंगा म्याच बसवल्या, फट म्याच पाह्यली, तरी नव्वद. मंग वाटलं, डोये गेले असन. नागपूरले जाऊन मोतीबिंदू काढून आलतो. डॉक्टर म्हने, चाचा, अजून पिकला नाई, घाई कायले? म्या म्हटलं, नाई, काढा. मले रिंगा दिसत नाई.”

त्यांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला.

“काहून नाई सांगतलं?”

“भाऊसाहेबांना कोणत्या तोंडानं सांगू, की तुमचे पाय...”

“भाऊसाहेब गेला खड्ड्यात. मले सांगाचं होतं. मले. म्या कोनाले सांगतलं असतं? एकटाच बसून खुश झालो असतो.”

कागद सुधारता आला नसता तरी माणसाला सांगता आलं असतं. तेवढंही मी केलं नाही.

चाचा उठले, टोपी नीट केली. “चाल.”

“कुठं?”

“मारेगावले. गेज हाय ना डिक्कीत?”

“आत्ताच? जेवून घ्या तरी.”

“चार साल थांबला, अन् आता मले जेवाले लावतं?”

रस्त्यात ते माझ्याशी एकच वाक्य बोलले. एका चढावर म्हणाले, “सेकंड टाक. इंजिन रडून राह्यलं.” मी टाकला.

निघताना मी फोन केला होता, मडावी मॅडमनी अंगणात गाडी काढून ठेवली होती. चाचा गाडीजवळ गेले, पण हात लावला नाही. भोवती एक चक्कर मारली. सीटच्या मागच्या जागेत कोथिंबिरीच्या काड्या पडल्या होत्या.

“हेच का हबीब मिस्त्री?” मॅडम म्हणाल्या. “तुमची गाडी मी भाजीच्या पिशव्यायले वापरतो म्हनून रागावू नका.”

“चालली पायजे मॅडम. उभी असली का मरते.”

मी प्लग काढले, गेज काढलं. मॅडमना म्हणालो, “आता सीटवर बसून पाय पूर्ण...”

“थांब,” चाचा म्हणाले. “आधी नव्वद काढ.”

“काय?”

“आधी नव्वद काढून दाखव. मले पाह्यचं हाय. मॅडम, तुमी जरा तिरपं बसा. दोनी पाय भाईर. भाऊसाहेबासारखं.”

“भाषण चालू असताना पाहुने बसते तसं बसू का?” मॅडम म्हणाल्या आणि पदर सावरून दारात ऐटीत टेकल्या. मी बोनेटमध्ये वाकलो. “फिरवा.”

सुई ब्याण्णववर गेली. दुसरा नव्वद. या गेजची सुई जिथे पोचते तिथेच थांबते, मागची खुट्टी दाबेपर्यंत उतरत नाही. मी ते चाचांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, मग चष्मा काढून पाहिलं.

“नव्वदच हाय,” ते म्हणाले. “दिसून राह्यलं मले.”

आणि खांदे सैल सोडले. नव्वद वाचून कोणा मिस्त्रीला बरं वाटलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

मग ते स्वतः सीटवर बसले. बसायला वेळ लागला. गुडघे दुमडून एकेक पाय आत घेतला. मॅडमनी त्यांची टोपी धरली. आत बसल्यावर त्यांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले, आणि मी वाट बघत राहिलो.

“चाचा, पाय...”

“मले सांगतं?” ते आतून ओरडले. “म्याच शिकवलं तुले, गध्या. फिरवतो.”

इंजिन घुमलं. आवाजच वेगळा होता. प्रत्येक फेऱ्याला पोटातून हुंकार. सुईने उडी मारली.

“एकशे...” मी वाचायला लागलो.

“तू नको वाचू. इकडं आन.”

मी गेज खिडकीपाशी नेलं. एकशे अठ्ठावन्न. पुढचा एकशे साठ. मग पुन्हा एकशे साठ. चौथा एकशे सत्तावन्न. चार वर्षं बाजारहाट करून. प्रत्येक वेळी ते गेज दोन्ही हातांत घेऊन बघायचे आणि परत द्यायचे. चौथ्या वेळी दिलं नाही.

“सुईले बोट तं नाई लावलं ना तू? माह्यावर दया-बिया करून?”

“नाही.”

“तुह्या काई भरोसा नाई म्हनून विचारलं.”

हे ते हसत म्हणाले नाहीत. मी मान खाली घातली. मग ते गाडीतून उतरले आणि मला बाजूला सारलं. “प्लग म्या बसवतो.” प्लग नेहमी आधी बोटांनी फिरवत बसवायचा, पाना नंतर. आटे तिरपे गेले तर हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, खराब होतं. मी त्यांची बोटं बघत होतो. चारही प्लग पहिल्याच फेऱ्याला सरळ लागले. बघायची गरज नसल्यासारखे ते समोरच्या भिंतीकडे बघत होते.

इंजिन सुरू झालं. मॅडम म्हणाल्या, “मिस्त्री, बसा. चक्कर मारू.”

“चालवा तुमी. माह्यं लायसन संपलं.”

गाडीला दोनच सीट. मी अंगणात थांबलो, हातात पाना घेऊन. गाडी गेटातून बाहेर पडली, डांबरी रस्त्याला लागली. पहिला, दुसरा, तिसरा. मग चौथा पडल्याचा आवाज लांबून आला. पंधरा मिनिटांनी परत आली. चाचांची टोपी मांडीवर होती आणि पांढरे केस सगळे उभे होते. चाचींना दाखवायला त्यांचा फोटो काढावासा वाटला, पण माझ्या मोबाइलवर त्यांचा विश्वास बसेल असं वाटलं नाही.

परत येताना ते म्हणाले, “कागद देशीन?”

दुसऱ्या दिवशी मी दुरुस्तीचा रिपोर्ट लिहिला. जुन्या रिपोर्टातली हिरव्या गाडीची कॉम्प्रेशन टेस्ट चुकीच्या पद्धतीने घेतली होती. चाचणीच्या वेळी अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला नव्हता. जबाबदारी तपासणाऱ्याची. दोन्ही इंजिनांच्या प्रकृतीत तेव्हा फरक नव्हता. सरळ रस्त्यावर लाल गाडी अर्ध्या सेकंदाने पुढे, चढावर आणि वळणावर हिरवी सरस. हिरव्या गाडीच्या इंजिनाचं काम उत्तम. काम करणारे, हबीब मिस्त्री, यवतमाळ. सही या वेळी वाचता येईल अशी केली. एक प्रत मॅडमना, एक चाचांना, एक भाऊसाहेबांना.

भाऊसाहेबांचा फोन आला. “गौतमराव, माझ्या पायांचं काय काढलं हे? गावात सांगत फिरणार का आता?”

“रिपोर्टात तुमचं नाव नाही, भाऊसाहेब. दाबलेला नव्हता एवढंच आहे.”

ते म्हणाले, “पण तेव्हा सांगितलं असतं तर दाबला असता ना मी. मला काय माहीत त्यातलं? सांगायचं तर होतं.”

चार वर्षांत मी त्यांची खूप उत्तरं मनात रंगवली होती. रागावलेली, अपमानाची. हे त्यांत नव्हतं.

त्यांनी पुढे विचारलं की बाई गाडी परत विकतील का. मी मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, “त्यायले सांगा, इंजिन झिजलेलं हाय.” जिनिंगचं काम पुढच्या महिन्यापासून दुसऱ्याकडे गेलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

चाचांनी कागद दोनदा वाचून घेतला. एकदा माझ्याकडून, एकदा पोराकडून, मी नीट वाचला की नाही हे बघायला. घडी करून फीलर गेजच्या डबीत ठेवला. मी माफीचं काढलं तर म्हणाले, “ते राहू दे. तिसऱ्या दिवसापासून म्हनला तू. ते मले भुलता येत नाई.” मग थोड्या वेळाने, “शुक्रवारी नमाजनंतर ये. एक जीप आनली हाय एकाची, हेड खोलाचं हाय. नट जाम हायत, मले जोर नाई पुरत.” मी गेलो. तेव्हापासून जातो. नट ढिले करून देतो, बाकीचं ते करतात. मला गेजला हात लावू देत नाहीत.

माझ्या तपासणीच्या फॉर्मात आता एक रकाना वाढला आहे. कॉम्प्रेशन घेताना अ‍ॅक्सिलरेटर कोणी दाबला, त्याचं नाव. सीटवर डॉक्टर असो, ठेकेदार असो, साहेब असो, चावीच्या आधी मी वाकून पायांकडे बघतो आणि सांगतो, पाय आत घ्या, पूर्ण दाबा, सोडू नका.

लोक दाबतात. आजवर एकानेही नाही म्हटलेलं नाही.